कोतवालाकडं कितवा नंबर

शालिकभाऊ वैरागडे कोणालाही भेटले की आधी फोन मागतात. नमस्कार नंतर, आठवला तर.

"दोन मिनिटं फोन देजो गा," म्हणतात आणि हात पुढे करूनच ठेवतात. समोरच्याला वाटतं, बिचाऱ्याचा रिचार्ज संपला असेल, घरी काही अडचण असेल. तो देतो. शालिकभाऊ कोणालाच फोन लावत नाहीत. चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, एका बोटाने 'ताडपत्री नागपूर' असं टाइप करतात आणि अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत मोजायला लागतात. आपल्या दुकानाचं नाव सापडलं की थांबतात, आकडा तळहातावर पेनने लिहून घेतात, फोन बाहीला पुसतात आणि परत देतात.

"तुया फोनात आपण सातवे," असं वर सांगतात. समोरच्याने उभ्या जन्मात ताडपत्रीचा विचार केलेला नसतो. तरी हे गृहस्थ आपल्या फोनात सातवे आहेत, हे ऐकून त्याला थोडं ओशाळल्यासारखं होतंच.

हा प्रकार मी लग्नात पाहिला आहे, दवाखान्याच्या बाकावर पाहिला आहे आणि एकदा कुहीला तेरवीच्या पंगतीत पाहिला आहे. ज्याचे वडील गेले होते तो मुलगा वाढायला आला. शालिकभाऊंनी त्याचं सांत्वन केलं, अगदी मनापासून केलं, स्वतःचे डोळे पुसले, आणि मग त्याला फोन मागितला. दुःखातला माणूस वाद घालत नाही. त्याने दिला. कुहीत आपण चौथे निघालो. परतताना बसमध्ये शालिकभाऊ गेलेल्या माणसाबद्दल आणि चौथ्या नंबराबद्दल सारख्याच जिव्हाळ्याने बोलत होते.

त्यांचं दुकान वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या अंगाला, गोदामांच्या रांगेत. ताडपत्री, दोर, पोती शिवायचे दाभण. त्याला लागून आमचं ट्रान्सपोर्ट ऑफिस, तिथे मी बारा वर्षं बुकिंग क्लार्क आहे. मधली भिंत एका विटेची. त्यांना शिंक आली की आमच्या बिल्टीच्या कागदावर धूळ पडते. त्यामुळे त्यांच्याविषयी मी जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

दुकानदार म्हणून त्यांची एक खोड आहे, ती आधी सांगतो. ताडपत्री कारखान्यातून कालच आलेली असो, ती तशीच घडी करून ते देत नाहीत. दोन हमालांना अंगणात चारी टोकं धरायला लावतात, स्वतः खाली शिरतात आणि वर सूर्याकडे बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती ताडपत्री बाद. घाईतलं गिऱ्हाईक वैतागतं, म्हणतं, अहो नवी आहे. शालिकभाऊ खालूनच सांगतात, "नव्याले भोक पडत नाही काय?" मग गिऱ्हाइकालाही खाली बोलावतात. भर मे महिन्यात बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत निळ्या ताडपत्रीखाली दोन माणसं आकाशाकडे बघत फिरताहेत, हे दृश्य आमच्याकडे नित्याचं आहे.

तर अशा माणसाने चार वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. आम्हाला वाटलं, सगळे काढतात, यांनीही काढली. महिन्याभराने त्यांनी स्वतःच्या फोनवर 'ताडपत्री नागपूर' टाकलं आणि पहिला नंबर आला. नागपुरात पहिला. शालिकभाऊंनी अख्ख्या रांगेला तर्री-पोहे खाऊ घातले. मी भाषण केलं. मी भाषण बरं करतो. किसन हमालाने पोहे खाता खाता सहज स्वतःच्या फोनवर टाकून पाहिलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "भाऊ, मायात तर तुम्ही एकतीसवे."

पोहे संपले होते, नाहीतर परत घेतले असते असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. रोज उठून आपलीच वेबसाइट आपल्याच फोनवर उघडणाऱ्या माणसाला फोन दुसरं काय दाखवणार? त्याला वाटलं याला हेच आवडतं, त्याने तेच वर आणून ठेवलं. शालिकभाऊ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"आपला फोन आपल्याले कधी खरं सांगत नाही, सुधाकर. खरं पाहाचं तर परक्याच्या फोनात पाहाचं."

तेव्हापासून ही फोन मागायची साथ सुरू झाली. माझा फोन पहिल्याच आठवड्यात चार वेळा गेला आणि पाचव्या वेळी शालिकभाऊंनी तो हाताने दूर सारला. म्हणाले, बाद झाला, याले मी माहीत झालो. मी त्यांना सांगितलं की ओळख न ठेवता शोधायची सोय असते, खासगी खिडकी उघडता येते. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तोंड झाकून गेलं तरी तू वाडीहून आला हे पाटलाले दिसतेच ना गा."

हा पाटील कोण, हे आता सांगायला हवं. शालिकभाऊंच्या जगात तीन शोधयंत्रं आहेत. त्यांची खरी नावं ते घेत नाहीत. एक पाटील, एक तलाठी, एक कोतवाल. ही वाटणी त्यांनी महिनोन्महिने तिघांचा स्वभाव न्याहाळून केली आहे आणि माझ्या मते ती कुठल्याही पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा बरी आहे.

पाटील सगळ्यात मोठा. गावातली बहुतेक माणसं त्यालाच विचारतात. तू स्वतःबद्दल काय म्हणतोस याला तो फारशी किंमत देत नाही. चार चांगली घरं तुझ्याबद्दल काय म्हणतात ते बघतो. म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर तुझं नाव, तुझा पत्ता, तुझ्याकडे येणारी वाट आहे का. ती घरंही भरवशाची हवीत. भाड्याने आणलेले साक्षीदार तो ओळखतो. शिवाय विचारणारा कोण, कुठून आला, हे पाहून उत्तर देतो. आणि त्याला ताटकळणं खपत नाही. पान उघडायला वेळ लागला की त्याची मर्जी जाते. शालिकभाऊंचा फेट्यातला मोठा फोटो वेबसाइटवर होता, त्यापायी पान हळू उघडायचं. त्यांनी फोटो काढून टाकला. वत्सलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यांना तो फोटो फार आवडायचा, पण पाटलापुढे कोणाचं चाललं नाही.

तलाठी कागदाचा माणूस. साक्षीदार तोही विचारतो, पण त्याआधी कागदावर काय लिहिलं आहे ते बघतो. पानाच्या डोक्यावर नेमके तेच शब्द आहेत का, जे विचारलेत? पान किती जुनं? फोटोखाली नाव लिहिलं आहे का? आणि कोतवाल. तो स्वतः फारसा फिरत नाही. बरीचशी माहिती तलाठ्याच्या चावडीवरून उचलतो. पण त्याचा एक गुण आहे: दवंडी सगळ्यांना एकच देतो. विचारणारा कोण, काल त्याने काय विचारलं, हे लिहून ठेवत नाही.

हे ज्ञान फुकट आलेलं नाही. सुरुवातीला कोणीतरी त्यांना सांगितलं की शब्द जितक्या वेळा लिहाल तितके वर जाल. शालिकभाऊंनी 'ताडपत्री' हा शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत दोनशे वेळा लिहिला. गिऱ्हाइकाला दिसू नये, यंत्राला दिसावा. यंत्राला दिसला. आठवड्याभरात शालिकभाऊ पाटलाकडून असे गायब झाले की दहा पानं मागे जाऊनही सापडेनात. मी म्हणालो, झालं ते झालं, सोडून द्या हा नाद. त्यांनी दोनशे शब्द एकेक करून पुसले, एका बोटाने, आणि त्यांच्या जागी एक खरं पान लिहिलं: कोणती ताडपत्री घेऊ नये. त्यात स्वतःच्या दुकानातल्या दोन जातीही घातल्या. धंद्याच्या दृष्टीने हा मला वेडेपणा वाटला. सहा महिन्यांत ते पान पाटलाकडे तिसरं आलं, आणि गांधीबागेतले कापडवाले ते वाचून शालिकभाऊंकडे ताडपत्री घ्यायला आले.

"लोक जे विचारून राहिले त्याचं सरळ उत्तर द्यायचं," शालिकभाऊ म्हणाले. "तिघंही शेवटी तेच पाह्यतात. चाल येगयेगळी, पाहाचं एकच."

असं बोलून झालं की ते छाती थोडी पुढे काढतात. माणूस आत्मविश्वासाचा. मागच्या वर्षी धरमपेठेतून एक टाय लावलेला तरुण आला होता, महिन्यात पहिला नंबर लावून देतो म्हणत. शालिकभाऊंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, तलाठ्याकडं काय करशील? त्याला आधी तलाठी कोण हे समजावून द्यावं लागलं. समजल्यावर तो हसला आणि म्हणाला, काका, ते दोघं कोण वापरतं? सगळं पाटलाकडेच आहे. शालिकभाऊंनी त्याचा रिकामा कप उचलला आणि मुलाखत संपली.

खरं तर तो पोरगा बरोबर बोलत होता. मीही हेच सांगत आलो होतो. वाडीत कोतवालाला विचारणारा एक माणूस मला माहीत नाही. पण शालिकभाऊ निम्मा वेळ त्या कोतवालापायी घालवायचे. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"कोण कोणत्या दारानं येईन, काय सांगता येते काय?"

दुकानात गल्ल्याच्या मागे त्यांनी एक काळा फळा लावला आहे. त्यावर डावीकडे शोधायचे शब्द, वर तीन रकाने: पाटील, तलाठी, कोतवाल. रोज सकाळी तळहातावरचे आकडे तिथे चढतात. 'ताडपत्री नागपूर', 'ट्रकची ताडपत्री', 'धान झाकायची ताडपत्री', असे दहा-बारा शब्द. सगळ्यात खाली, चौकट करून, एक ओळ होती: 'मोरेश्वरची गाठ'. तिच्यापुढचे तिन्ही रकाने कोरे. चार वर्षं कोरे. आणि बाजूला लिहिलेलं: हे कोणी टाकू नये.

नव्या हमालाला कामावर घेताना पहिली ताकीद हीच. बाकी काहीही शोधा, हे शब्द शोधायचे नाहीत. कारण कधी सांगितलं नाही. आम्ही आपापसात अंदाज केले. किसनला वाटायचं, काहीतरी उतारा-बितारा असेल. मला वाटायचं, धंद्याचं गुपित असेल. सगळ्यांचे फोन मागत फिरणारा माणूस एकाच शब्दाला फोनापासून दूर ठेवतो, हे चमत्कारिक होतं खरं, पण त्यांच्यात चमत्कारिक काय नव्हतं?

या मे महिन्यात मी नवा फोन घेतला. जुन्या खात्याचा पासवर्ड मला आठवेना, तेव्हा मुलीने नवीनच खातं काढून दिलं. कोरा फोन, कोरं खातं. म्हणजे शालिकभाऊंच्या लेखी सोन्याची खाण. म्हणून मी तो आठवडाभर टेबलाच्या खणात लपवून ठेवला. एका दुपारी लाइट गेली, ऑफिसात मी एकटा, पंखा बंद. घाम पुसत मी नव्या फोनशी खेळत बसलो होतो. भिंतीच्या फटीतून तो फळा दिसत होता. अंगठा आपोआप चालला असं मी म्हणणार नाही. मी मुद्दाम टाकलं: मोरेश्वरची गाठ.

पहिल्याच नंबरावर शालिकभाऊंचं पान आलं. मी उघडलं. साधं पान होतं. ट्रकवर ताडपत्री बांधायची एक गाठ कशी मारायची, पायरी पायरीने. दोर भिजला तरी सरकत नाही, एका ओढीत सुटते. फोटोत चेहरा नाही, फक्त शालिकभाऊंचे दोन हात आणि दोर. डाव्या अंगठ्याचं वाकडं नख ओळखू आलं. शेवटी दोन ओळी: 'गाठ बरोबर बांधली होती. ताडपत्री विरलेली होती.' मला काही बोध झाला नाही. एवढ्यासाठी इतका बाऊ, असं वाटून मी फोन खणात टाकला. लाइट आली आणि मी विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालिकभाऊंचं दुकान बंद. बारा वर्षांत दुकान बंद मी दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा घरात कोणीतरी गेलं होतं. त्यांचं घर दुकानाच्या मागेच. मी धावत गेलो. वत्सलावहिनी ओसरीवर शेवया काढून सुकवत होत्या. चेहरा मात्र फुललेला.

"काही नाही झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते कटिंग कराले गेले. मोरेश्वरनं पान उघडलं."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. मोरेश्वर म्हणजे शालिकभाऊंचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. दोघे कुहीहून वाडीला आले तेव्हा दुकान नव्हतं. ट्रकवर ताडपत्री बांधायचं काम करायचे. मोरेश्वरने सतराव्या वर्षी स्वतः एक गाठ काढली होती, ती रांगेत त्याच्याच नावाने चालायची. मग एकदा त्याने बांधलेला मिरचीचा ट्रक वाटेत भिजला. माल परत आला, व्यापारी आला, गर्दी जमली. शालिकभाऊंनी सगळ्यांसमोर भावाच्या तोंडात मारली. म्हणाले, साधी गाठ मारता येत नाही. मोरेश्वर ट्रकवर चढला. उभ्या ट्रकवरच्या आपल्या गाठी एकेक करून सोडल्या, दोर गुंडाळून शालिकभाऊंच्या पायाशी ठेवला आणि बाहेर पडणाऱ्या एका ट्रकच्या केबिनमध्ये चढला. त्याला सव्वीस वर्षं झाली.

"आठ दिवसांनी यायनं ती ताडपत्री वाळू घातली," वहिनी म्हणाल्या, "तं खालून ऊन दिसलं. चाळणी झाली होती निसती. पोराची गाठ काई सरकली नव्हती. ताडपत्री यायनंच आणली होती, स्वस्तात मियते म्हणून."

शेवयांवरून त्यांनी माशी हाकलली. त्या सांगत राहिल्या. शोधायचं तेवढं शोधून झालं होतं. रायपूर, इंदूर, कुठे कुठे. मग वेबसाइट आली आणि शालिकभाऊंच्या डोक्यात हे आलं. माणूस कुठेही असो, एकदा तरी आपलं नाव टाकून पाहतोच. त्यांनी स्वतः नव्हतं पाहिलं? दुकानाच्या वेबसाइटवरून त्या पानाकडे जायला वाट ठेवली नाही. पानांची यादी यंत्रांना दिली तेवढीच. म्हणजे ज्याला ते शब्द ठाऊक, तोच तिथे पोचणार. कोणी उघडलं की दोन दिवसांनी वेबसाइटच्या तक्त्यात आकडा पडणार, आणि तो आकडा एकाच माणसाचा असणार. चार वर्षं तिथे शून्य होतं. काल रात्रीपर्यंत होतं. आज सकाळी एक झालं. पाटलाच्या दारातून आलेला एक.

मी ओसरीवर बसलो. वहिनींनी पाणी दिलं, तो पेला मी तसाच खाली ठेवला. मला त्यांना तिथेच सांगता आलं असतं. नाही सांगितलं. भित्रेपणा माझा.

शालिकभाऊ तासाभराने दुकानात आले. केस कापलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एक नवी खुर्ची हमालाच्या डोक्यावर. ती खुर्ची त्यांनी आपल्या शेजारी मांडली, स्वतः पुसली. किसनला अंगणात पाणी मारायला सांगितलं. मला पाहिल्यावर फोन मागितला नाही, यावरून काय ते समजा.

मी म्हणालो, "शालिकभाऊ, ते पान मी उघडलं."

त्यांनी ऐकलं. मी सगळं भराभर सांगून टाकलं: लाइट गेली होती, सोमवारी दुपारी, कारण काहीच नव्हतं. ते उठले. कोपऱ्यातली घडी केलेली एक ताडपत्री ओढली, किसनला आणि खुर्ची आणलेल्या हमालाला हाक मारली, अंगणात ती धरायला लावली आणि खाली गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले, पुन्हा गेले. ती ताडपत्री कालच तपासून झालेली होती. किसनला हे माहीत होतं, पण त्याने हात खाली केले नाहीत. मी बाहेर उन्हात उभा राहिलो. बारा वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "सुधाकर. इकडं ये."

मी खाली वाकून गेलो. निळ्या उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"कोणत्या फोनात टाकलं?"

"नव्या."

"खातं?"

"तेही नवीन. पोरीने काढून दिलं."

"म्हणजे त्या फोनाले मी माहीत नव्हतो."

"नाही."

"तू आधी मायं काई शोधलं नव्हतं त्यात? ताडपत्री, दुकान, काई?"

"काहीच नाही, भाऊ."

मग अगदी हळू विचारलं, "कितवं निघालं?"

"पहिलं," मी म्हणालो. "सगळ्यात वर."

शालिकभाऊ तिथेच, ताडपत्रीखाली, उकिडवे बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. घाम होता का काय होतं, मी पाहिलं नाही.

"चार वर्सं झाली गा," ते म्हणाले. "सगळ्या दुनियेचे फोन मागतले, पण हे टाकून पाहाची हिंमत नाही झाली. नाही निघालं तं काय करू? तो शोधत असन आन पान निघतच नसन, तं?"

मी खिशातून नवा फोन काढला आणि स्वतःहून त्यांच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी चष्मा नाकावर घेतला. आधी तलाठ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, उघडलं नाही. तिथेही पहिलं. मग कोतवालाकडे. अंगठा वर सरकला. एक, दोन. वर कुठल्याशा मोरेश्वराच्या देवळाची पानं होती.

"कोतवालाकडं तिसरं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता. "इथंच काम करा लागते. मोऱ्या आला तं कोतवालाच्याच दारानं येईन. त्याच्याबद्दल कोणी काई लिहून ठेवलेलं त्याले कधीच आवडे नाही. रोजीच्या हजेरीवर अंगठा देतानाही भांडे."

आम्ही बाहेर आलो. किसनने हात खाली केले, त्याचे दंड थरथरत होते. शालिकभाऊंनी दुकानात जाऊन खडू घेतला आणि चौकटीतल्या त्या ओळीपुढे चार वर्षांत पहिल्यांदा आकडे लिहिले. पाटील, एक. तलाठी, एक. कोतवाल, तीन. लिहून मागे सरकले आणि परीक्षेचा निकाल पाहावा तसे पाहत राहिले.

मग मला म्हणाले, त्या गाठीच्या पानावर अजून दोन-तीन गोष्टी लिहायला हव्यात. जुनी रांग कशी होती, कोणकोण बांधायला असायचं, मोरेश्वर कोणत्या टपरीवर चहा प्यायचा. कोतवालाला देवळातला मोरेश्वर आणि आपला मोरेश्वर यांतला फरक कळला पाहिजे. टाइप मी करायचं. मी हो म्हणालो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी अर्धा तास मी ते पान लिहितो आणि शालिकभाऊ सांगतात. दोरावर बसून सांगतात. नव्या खुर्चीवर ते बसत नाहीत, मलाही बसू देत नाहीत. ती तशीच पुसून ठेवलेली असते.

ताकीद आता थोडी बदलली आहे. शब्द टाकायला हरकत नाही, पान उघडायचं नाही. काल किसनच्या मेहुण्याच्या फोनात कोतवालाकडे दुसरा नंबर लागला. शालिकभाऊंनी तो फळ्यावर चढवला. त्याच्या शेजारी, पान किती जणांनी उघडलं याचा आता एक चौथा रकाना आहे. त्यात अजून तो एकच आकडा आहे. आकडा पुसायचा नाही असं त्यांनी ठरवलं, कारण खरं ते खरं. पण दुसरा पडेल तेव्हा घोटाळा नको, म्हणून एकच्या पुढे कंसात बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे: सुधाकर.